प्रल्हादचा उजवा हात

शिजलेल्या हळदीचा वास कपड्यांना लागला की दोन धुण्यांत जात नाही, अशी आमच्याकडच्या बायकांची जुनी तक्रार आहे. माझ्या गिटारच्या लाकडाला तो कितीतरी वर्षांपासून लागलेला आहे आणि मी मात्र त्याबद्दल कधी तक्रार केलेली नाही. फाल्गुन सरत आला, की सिद्धेश्वरच्या कालव्यावर भिजणाऱ्या शिवारांतून हळद शिजवायच्या लोखंडी कुकरांची वाफ उठू लागते, आणि ओल्या मातीचा, कापसाच्या जळत्या पऱ्हाट्यांचा, काहीसा औषधी असा तो उग्र गंध वाऱ्यावर हेलकावत थेट वसमतच्या बसस्टँडपर्यंत येतो. एसटीच्या खिडकीशी डोळे मिटून बसलो असलो तरी गाव आलं हे मला त्या वासावरून कळतं. यंदाही कळलं. यंदा फक्त उतरू नये असं वाटत होतं.

मी गेली दोन वर्षं चार जणांच्या एका बँडचा म्होरक्या आहे. पत्रिकेवर 'बँडप्रमुख' असं छापतात, तेव्हा मला दुसऱ्याचा कोट घालून लग्नाला गेल्यासारखं अवघडायला होतं. आम्ही वाजवतो त्या संगीताला जिप्सी जॅझ म्हणतात. युरोपातल्या भटक्या माणसांनी तांड्यातांड्यांतून, आपल्या गाड्यांच्या आडोशाला बसून ते वाढवलं. त्यांचे पूर्वज फार पूर्वी आपल्याच भूमीतून निघाले होते असं सांगतात, आणि हे ऐकल्यावर आम्हाला उगाचच सोयरीक जुळल्यासारखं वाटलं होतं. या संगीतात बहुधा तालवाद्य नसतंच. एक गिटार पुढे होऊन गाते आणि दुसरी तिच्या शेजारी बसून नुसता ठेका धरते: तारा छेडायच्या, आणि स्वर पसरायच्या आत डाव्या हाताचा दाब सोडून तो मिटवायचा, छेडायचं, मिटवायचं, तासन्‌तास. पुढची गिटार प्रल्हादची होती. ठेका माझा होता, आणि मला त्याहून अधिक काही नको होतं.

प्रल्हाद धरणालगतच्या एका खेड्यातला, हळदवाल्या घरचा मुलगा. कॉलेजसाठी वसमतला आला तेव्हा आमच्या गल्लीत खोली घेऊन राहिला. माझे बाबा भीमजयंतीच्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे, आणि पार्टीला जरा नवा साज यावा म्हणून त्यांनी नांदेडहून गिटार आणली होती. ती मी बेताबेतानं वाजवायचो. प्रल्हादनं एकदा मागून घेतली आणि आठवडाभरात तिच्यावर अशी काही बोटं फिरवायला लागला, की बाबा पेटीचा भाता सोडून त्याच्याकडे बघत राहिले. मग एक दिवस मोबाइलवर त्याला कुठल्याशा परदेशी झाडाखाली बसलेली चार माणसं सापडली. त्यानं ते चित्रण पुन्हा पुन्हा लावलं आणि मला म्हणाला, "मिल्या, ढोलकी न्हाई, तबला न्हाई, मंग ह्यो ठेका कुठून येऊन राहिला?" शोधता शोधता आमची तीन वर्षं गेली, आणि ती माझ्या आयुष्यातली सर्वांत सुखाची वर्षं होती.

त्या शोधाची शाळा म्हणजे प्रल्हादच्या शेतातलं हळदीचं खळं. शिजलेली हळद पंधरा-पंधरा दिवस उन्हात पसरून ठेवावी लागते, ती रोज हलवावी लागते, आभाळ आलं तर ताडपत्री ओढावी लागते, आणि तिच्यापाशी कुणीतरी बसावंच लागतं. आम्ही राखण म्हणून बसायचो आणि सकाळची कोवळी उन्हं निंबावरून उतरून हळदीच्या पिवळ्या विस्तारावर पसरेपर्यंत वाजवत राहायचो. मधेच प्रल्हाद उठायचा, दोन हळकुंडं उचलून एकमेकांवर आपटायचा आणि कानाजवळ धरायचा. ओली हळद मुकी असते. पुरती वाळली की ती धातूसारखी खणखणते. "आजून चार दिस," असं म्हणून तो परत गिटार घ्यायचा. त्याचा कान तयार झाला तो तिथेच, असं मला अजूनही वाटतं.

पुढे एक व्हायोलिनवाले सर मिळाले, एक मोठं बासवाद्य वाजवणारा मिळाला, आणि आखाडा बाळापूरच्या एका कार्यालयात हळदीच्या समारंभात आमचा पहिला कार्यक्रम झाला. आम्ही दोन रचना वाजवून संपवल्या, तरी नवरदेवाचे मामा आपुलकीनं विचारत होते, "ढोलकीवाला आला की मंग चालू करता काय?" प्रल्हाद इतका हसला, की त्याला तार सुरात लावता येईना. पण तिसऱ्या रचनेला बायकांच्या बाजूनं आपसूक टाळ्या पडू लागल्या आणि मामांचा पायही हलू लागला. हळूहळू नांदेडहून, संभाजीनगरहून, पुण्याहून बोलावणी येऊ लागली.

ठेका धरणारा माणूस प्रेक्षकांकडे बघत नाही, शेजारच्याच्या उजव्या हाताकडे बघतो. प्रल्हादचं मनगट कुठे सैल सुटतं, कुठे थबकतं, कुठे ते तारांवर अलगद पाणी शिंपडतं, हे मला त्याच्या आईपेक्षा जास्त ठाऊक होतं. म्हणूनच ते पहिल्यांदा आत वळलं तेव्हा ते मला दिसलं, खुद्द त्याच्याही आधी. तारा छेडायची पत्ती तारेला टेकली, की अंगठा आणि तर्जनी एकमेकांत रुतायची आणि मनगट आतल्या बाजूला मुडपायचं. दुखत काही नव्हतं. गिटार खाली ठेवली की हात पुन्हा जसाच्या तसा. त्या हातानं तो गाठी सोडवायचा, कुदळ मारायचा, सही करायचा. फक्त वाजवायला घेतलं की तो हात त्याचा राहत नसे.

आणि इथे मी ती चूक केली, जी वाजवणाराच करू जाणे. दुसऱ्या कुणी त्याला दवाखान्यात नेलं असतं, निदान स्वस्थ बसवलं असतं. मी म्हणालो, रियाज वाढवू. आमच्या घरात कुठल्याही बिघाडावर हे एकच औषध होतं: बोट अडखळलं तर शंभर वेळा, नाही जमलं तर हजार वेळा. पुण्याच्या मोठ्या कार्यक्रमाला महिना उरला होता. मी घरून अंथरूण घेऊन त्याच्या खळ्यावर राहायला गेलो. रोज सकाळी सहा सहा तास मी ठेका धरायचो आणि तो त्या मुडपलेल्या मनगटानं तीच ओळ, तीच ओळ, तीच ओळ वाजवायचा. थकून त्यानं हात खाली घेतला की मी म्हणायचो, "आनखी एकदा." त्याच्या कपाळावरचा घाम मी बघत होतो आणि तरीही म्हणत होतो. महिना संपत आला तेव्हा त्याच्या हातातून पत्ती सुटून पडू लागली होती.

नांदेडच्या डॉक्टरांनी त्याला तपासणीसाठी आतल्या खोलीत पाठवलं आणि मला भाऊ समजून समोर बसवलं. खोट हातात नाही, असं ते म्हणाले. हाताला चालवणाऱ्या मेंदूनं एक चुकीची गोष्ट शिकून घेतली आहे, आणि ती जितक्यांदा गिरवाल तितकी पक्की होत जाईल. "वाजवणं पूर्ण थांबवा. वर्ष, दोन वर्षं. मग अगदी पहिल्यापासून, जमलं तर." मी मान हलवली. बाहेर येऊन प्रल्हादला मी एवढंच सांगितलं, की विश्रांती घे म्हणालेत. गिरवण्याचं मी बोललो नाही. ज्या महिन्यानं तो हात घालवला तो महिना माझ्या कल्पनेतून निघाला होता, आणि हे सांगायची माझी छाती झाली नाही.

पुण्याला मी पुढे बसलो. त्यानंच बसवलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून, तोच उजवा हात, तो म्हणाला, "तू माजं समदं बघितलेलं हाय. तूच बस." मी त्याच्या ओळी त्याच्यासारख्याच वाजवल्या, कारण दुसऱ्या मला येत नव्हत्या; माझ्या जागी ठेक्याला पुण्याचाच एक मुलगा घेतला होता. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मला भयंकर लाज वाटली, आणि लाजेच्या तळाशी थोडासा आनंदही झाला. त्या आनंदाबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

दोन वर्षं कार्यक्रमांच्या सबबी सांगून मी खळ्यावर जायचं टाळलं. यंदा त्याच्या आईचा फोन आला. "तू ये बाबा एकदा. रोज सकाळी वाजवून राहिलं लेकरू. तू आला म्हंजी हात बसंल त्याचा जागेवर." रोज सकाळी! डॉक्टरांनी थांबवायला सांगितलेली ती दोन वर्षं प्रल्हाद एकटा बसून तीच चूक गिरवत होता, आणि मी सांगितलं नाही म्हणून गिरवत होता. सांगितलं, तर त्याची सकाळ जाणार. नाही सांगितलं, तर उरलासुरला हातही जाणार. हे सांगायलाच मी एसटीत बसलो होतो, आणि वसमतपर्यंत एक वाक्य काही जुळलं नव्हतं.

मी पोचलो तेव्हा तो खळ्यावर हळद हलवत होता. उन्हानं रापलेला, थोडा वाळलेला, पण हसणं तेच. आईनं चहा दिला, माझ्या गिटारच्या खोळीवरून आशेनं हात फिरवला आणि ती घरात गेली. निंबाचा बारीक मोहोर आमच्या अंगावर गळत होता. मी सरळ सांगून टाकलं. डॉक्टर काय म्हणाले, मी काय लपवलं, त्या महिन्यात मी त्याच्या हाताचं काय केलं, सगळं. तो हळदीकडे बघत ऐकत होता.

"म्हाईत हाय मला," तो म्हणाला. "आतल्या खोलीत त्या दुसऱ्या डॉक्टरनं मलाबी तेच सांगितलं व्हतं."

मी चहाचा कप खाली ठेवला. "मंग काहून वाजवून राहिला?"

"थांबलो व्हतो की पंधरा दिस. हात बरा व्हता, मिल्या. मीच बरा न्हवतो." त्यानं दोन हळकुंडं उचलली, एकमेकांवर आपटली, कानाशी धरली आणि परत टाकून दिली. "तुला सांगितलं न्हाई, तू जिवाला लावून घेशील म्हून."

मग तो आत जाऊन गिटार घेऊन आला. ती आमच्या गायन पार्टीचीच जुनी गिटार होती, बाबांनी त्याला देऊन टाकलेली, कडेला टवका उडालेली. तो निंबाखाली नेहमीच्या जागी बसला आणि शेजारची जागा हातानं झाडून त्यानं माझ्यासाठी मोकळी केली. पत्ती तारेला टेकली. मनगट सावकाश, माझ्या डोळ्यांदेखत, आत मुडपलं. थांब म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याला थांब म्हणण्याचा हक्क जगात कुणाला असेलही, मला नव्हता.

"धर ठेका," तो म्हणाला.

मी धरला.