मोहाखालची राख

चैताची सकाळ, पण वारा आताच भट्टीतून निघाल्यासारखा अंगाला लागत होता. गंगा मडावी जळक्या बागेतली राख फावड्याने चरात ओढत होती. उघडी राहिली तर दुपारपर्यंत सगळी उडून गेली असती.

आंजी गावाच्या पलीकडचा हा बरड एकर तिने आठ-नऊ वर्षांत उभा केला होता. वर आंबा, जांभूळ, शेवगा. त्यांच्या सावलीत सीताफळ, लिंबू. खाली हळद, अळू, सुरण. कुंपणावर वालाचे वेल. नांगर नाही, फवारा नाही. पडेल तो पाला तिथेच राहू द्यायचा. "गंगाच्या वावरात कचरा पिकून राह्यला," असं पानठेल्यावर म्हणत. पुढे भर मे महिन्यात त्या कचऱ्याखाली ओल लागू लागली, तेव्हा हसणारेच सुरण मागायला आले.

धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोहाचं जुनं झाड होतं. परवा पहाटे सासूने, शकुबाईने, त्याच्याखालचा पाला पेटवला. तिने जन्मभर पेटवला होता, तिच्या आईनेही. जमीन साफ असली की पडलेली फुलं दिसतात, वेचायला सोपी जातात. आधी शेजारचं हे गंगाचं रान उघडंबोडकं, जाळ तिथेच विझे. आता तिथे वीतभर पाला होता, आणि मधली पट्टी झाडून ठेवायचं दोघींपैकी एकीलाही सुचलं नव्हतं. बघता बघता बाग गेली.

तेव्हापासून शकुबाई मोहाखाली बसून होती. फुलं टपटपत होती, ती वेचत नव्हती. जेवतही नव्हती.

दीर दुर्गेश धुऱ्यावर येऊन उभा राहिला. नवरा गेल्यापासून गंगाच्या वाट्याच्या वावरातही शब्द त्याचाच चाले.

"वहिनी, उद्या ट्रॅक्टर येऊन राह्यला. इकडंही फिरवून देतो, पऱ्हाटी लावू, कापूस त निघंन. आता काय राह्यलं इथं?"

"खाली असंन काई."

"राखंत? मेल्या म्हशीले सरकी चारून राह्यल्या तुमी."

गंगाने फावडं खाली ठेवलं. दोन दिवस तिने खणून पाहिलं नव्हतं. खाली काही निघालं नाही तर दुर्गेशला नाही म्हणायला तोंड उरणार नव्हतं.

तिने कुदळ घेतली. वर राख, मग जळकी मुळं, मग गार माती. हातभर खाली बोटांना सुरण लागला. एका अंगाने साल भाजली होती, पण मधला गुलाबी कोंब फुगलेला होता.

तिला हसू आलं नाही. नवरा गेला त्या साली लावलेले आंबे समोर काळे उभे होते. सुरणाने आंबा भरून निघत नाही.

तिने तो कंद नेऊन शकुबाईच्या ओटीत ठेवला. "आत्या, जिता हाय."

"मले काऊन दाखवून राह्यली? मीच त जाळलं."

"म्हून तुमालेच दाखवते. पुन्हा लावाचं हाय, माह्या एकटीच्यानं होत नाई. आन् पुढच्या साली मोहाखाली झाडू माराचा, जाळ नाई."

"झाडू माराले कंबर लागते. तुह्यी हाय का?"

"भाऊजीची हाय."

दुर्गेशने मान वळवली. भाऊ गेला त्या सालच्या जळक्या आंब्याची काळी साल त्याने नखाने खरवडली.

"दोन सालं पाहीन, वहिनी. नाई जमलं त पऱ्हाटी."

"पाहा," गंगा म्हणाली. याहून जास्त मिळणार नव्हतं.

शकुबाईने कंदाची माती पदराने पुसली. "भाकर हाय का घरी?" तिने खाली बघतच विचारलं.

"हाय. झाकून ठेवली."

पलीकडे बांधलेल्या बकऱ्या केव्हाच्या ओरडत होत्या. गंगाने हात झटकले आणि त्यांना पाणी दाखवायला गेली.