बत्तीस हजार सातशे अडुसष्टावा नमुना

अर्जुनी मोरगाव तालुक्यात दीप्तीसारखी पोरगी दुसरी कोणी दाखवावी! आता गोंदियाजवळ कुडव्याले एका खोलीत एकटी राहते, नागपूरच्या कंपनीचे प्रोग्राम कम्प्युटरवर तपासते.

घरमालकीण सुमित्राबाई दारातूनच विचारे, "दिवसभर काय करतेस वं?"

"चुका शोधतो, काकू."

"माणसाच्या शोध. लवकर सापडतीन."

तेवढंच बोलणं. मंग दिवसभर पंख्याचा आवाज.

शुक्रवारी दुपारी तिच्याकडे सिकलसेल या रक्ताच्या रोगाच्या तपासणीचं काम आलं. रक्ताच्या नमुन्याले पुढचा नंबर देणारं डेटाबेसचं फंक्शन होतं. नंबरासाठी खाना छोटा. बत्तीस हजार सातशे सदुसष्टच्या वर त्यात मावतच नाई. दुसरा कोणी तिथंच थांबला असता. दीप्तीनं तो नमुना अन् त्याच्या पुढचे दोन टाकून पायले. एरर नाई आली. तिन्ही नमुन्यांले एकच नंबर! अडू नये म्हणून कोणीतरी शेवटचाच नंबर देत राहायची सोय करून ठेवली होती.

तिनं साहेबाले, हिमांशूले, फोन लावला.

"एरर नाही ना? मग पास लिही. आज द्यायचंय."

"एरर आली असती तं बरं होतं, सर. आता तीन जणांचं रक्त एकाच नंबरावर चढून राहिलं. रोग एकाले, कागद दुसऱ्याले."

"तो आकडा यायला दोन वर्षं लागतील गं."

"येईन तं खरा."

"पुढच्या महिन्यात तुझी नोकरी पक्की व्हायचीय. विचार कर."

दीप्तीनं खिडकीजवळ उभं राहून विचार केला. विचारावं तं कोणाले? समजणारं माणूस साऱ्या गोंदियात एक नव्हतं. तिनं 'फेल' लिहिलं.

चार दिवस कंपनीच्या ग्रुपवर तिच्याशी कोणी बोललं नाई. बुधवारी नवीन फंक्शन आलं, खाना मोठा केलेला. तिनं तेच तीन नमुने टाकले. तीन नंबर, तिन्ही वेगळे. कोणाले सांगाले मान वळवली तं खुर्चीवर नुसता ओला टॉवेल. मंग कंपनीकडून आलेली चिठ्ठी उघडली: पक्कं होणं सहा महिने पुढं ढकललं.

तिनं मोठ्या भावाले, राजदीपले, फोन केला.

"दादा, तीन नंबर वेगळे आले."

राजदीपले काई समजलं नाई, पण गावच्या चौकातल्या चहाच्या टपरीवर तो ओरडलाच, "आमच्या दीप्तीनं नागपूरची कंपनी थांबवली!" कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी नंबर कायचा म्हणून विचारलं. चिठ्ठीचं तिनं सांगितलं नाई. तिकडचा गोंगाट ऐकत ती फोन कानाले लावून बसून राहिली.