तीस चौरस मीटरच्या आतलं सगळं

हार्ड डिस्क भरली की आम्ही जुन्या फायली उडवतो. किस्से मात्र उडवता येत नाहीत. ते एकावर एक साचत जातात आणि मेट्रोतून मयूर विहारला उतरेपर्यंत डोक्यात वाजत राहतात. नवरा म्हणतो, "घरी आल्यावर तरी ऑफिस बंद कर ना यार!" म्हणून तुम्हाला सांगते.

आमचं ऑफिस नोएडात. काम नकाशांचं. वॉर्डांच्या हद्दी एका लेयरवर, घरं दुसऱ्यावर, झाडं तिसऱ्यावर, हवा चौथ्यावर. हे सगळे लेयर एकमेकांवर ठेवायचे आणि कॉम्प्युटरला विचारायचं, प्रत्येक वॉर्डात काय किती? बेरीज, सरासरी, सगळ्यात कमी, सगळ्यात जास्त. जे टेबल बाहेर पडेल ते सरकारी खात्याला नाहीतर बिल्डरला द्यायचं. अकरा वर्षं मी या सरासरीवर जेवते आहे.

•

गुरुग्राममधल्या एका भागाची हिरवाई मोजायची होती. आकडा आला झकास. क्लाएंटची मॅडम खूश झाली, पण तिला एक कोडं पडलं. "मग तिथले लोक झाडं नाहीत म्हणून सारखी तक्रार का करतात?"

त्या भागात एक भलंमोठं गोल्फ कोर्स आहे. बाकी सगळं काँक्रीट. मी हे सभ्य भाषेत कसं सांगावं याचा विचार करत होते, तेवढ्यात नीलेश म्हणाला, "मॅडम, लोकांना सरासरीत राहता येत नाही ना!"

•

हा नीलेश माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. लातूरकडचा. कलेक्टर व्हायला दिल्लीत आला, पाच वेळा परीक्षा दिली, एकदा इंटरव्ह्यूपर्यंत गेला आणि शेवटी आमच्याकडे वॉर्डांच्या हद्दी काढायला बसला.

एकदा टेबल करता करता मला म्हणाला, "ताई, त्यांनी माझ्या पाच वर्षांच्या मार्कांची बेरीज धरली असती ना, तर आज भाटिया सर माझ्या केबिनबाहेर फाइल घेऊन बसले असते!"

मी हसले. तो हसला नाही. त्यानंतर मीही त्या गोष्टीवर हसत नाही.

•

भाटिया सर म्हणजे आमचे साहेब. आवाज मोठा, धीर कमी.

हवेच्या प्रदूषणाचं काम होतं. कारखान्यांच्या एका पट्ट्यातलं यंत्र बरेच दिवस बंद पडलेलं. आकडाच नाही म्हटल्यावर तो चौकोन रिकामा सोडायचा असतो. पण रिकामे चौकोन बघितले की सरांना राग येतो. कुणीतरी त्यांच्या धाकाने सगळ्या रिकाम्या जागी शून्य भरून टाकलं. झालं! जिथे खिडकी उघडायची सोय नाही, तो पट्टा दिल्लीसकट अख्ख्या एनसीआरमध्ये सगळ्यात शुद्ध हवेचा ठरला.

मीटिंगमध्ये तो हिरवागार नकाशा पडद्यावर आला. आता कुणीतरी आमची सालटी काढणार म्हणून मी मान खाली घालून बसले. समोरचे अधिकारी पुढे झुकले आणि हळूच म्हणाले, "यहाँ फ्लैट का क्या रेट चल रहा है?"

•

दुसऱ्या एका वॉर्डात सगळ्या जागांची बेरीज वॉर्डापेक्षा मोठी यायला लागली. दोन दिवस शोधलं तेव्हा सापडलं. एका खात्याच्या लेयरवर एक प्लॉट शाळा होता, दुसऱ्या खात्याच्या लेयरवर तोच प्लॉट बाग. दोन्ही खाती आपापल्या कागदांवर ठाम.

शेवटी मी आणि नीलेश कॅब करून बघायला गेलो. तिथे बँक्वेट हॉल होता! आत कुणाचा तरी साखरपुडा चालू होता. आम्हाला पाहुणे समजून गेटवरच्या माणसाने अत्तर लावलं.

•

आता माझ्याबद्दल. हा किस्सा मी सहसा सांगत नाही.

घरांचा लेयर कॉम्प्युटर स्वतः काढतो, सॅटेलाइटच्या फोटोवरून. पण त्याला उभा ट्रकही घर वाटतो, पाण्याची टाकीही घर वाटते. म्हणून बेरीज करण्याआधी तीस चौरस मीटरपेक्षा लहान जे जे असेल ते सगळं उडवायचं, असा आमच्याकडे नियम आहे. आम्ही त्याला 'कचरा काढणं' म्हणतो. नियम माझा आहे. पहिल्या वर्षी मीच केला, आणि त्याबद्दल मला शाबासकी मिळाली होती.

सुनीता आमच्या ऑफिसात चहा करते, साफसफाई बघते. गेल्या वर्षी एका दुपारी कप ठेवता ठेवता ती माझ्या स्क्रीनपाशी थबकली. यमुनेच्या खादरचा, म्हणजे नदीकाठच्या पूरपट्ट्याचा फोटो होता.

"दीदी, ये तो हमारा है!"

नीमच्या झाडावरून तिने गल्ली शोधली आणि निळ्या ताडपत्रीवरून घर. बोट काचेला टेकवून म्हणाली, "ये मैं, ये मेरी सास, ये दुकान।" मग तिने विचारलं, "गिनती में तो है ना?" वस्ती उठणार अशी कुणकुण होती. ज्यांची घरं या मोजणीत येतील त्यांना दुसरीकडे जागा मिळणार होती. हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

मी घरांचा लेयर चालू केला. नीमचं झाड दिसत होतं. ताडपत्री दिसत होती. एकाही घराभोवती रेघ नव्हती.

"लोड हो रहा है," मी म्हणाले.

•

त्याच संध्याकाळी मी तीसचे दहा केले आणि पुन्हा मोजलं. वस्ती आली! पण तिच्याबरोबर वॉर्डातले सगळे ट्रकही आले. भाटिया सरांना दाखवलं. म्हटलं, एक आठवडा द्या, मी आणि नीलेश जाऊन हातांनी मोजतो. बँक्वेट हॉल बघायला नाही का गेलो?

"तो क्या ट्रकों को भी फ्लैट दे दें?" सर म्हणाले. रिपोर्ट सोमवारी जायचा होता.

मी तिसाचा आकडा परत टाकला. कुणी माझा हात धरला नव्हता. नोकरीची भीती होती, दुसरं काही नाही. टेबलात त्या वॉर्डाच्या खादरच्या ओळीत घरं शून्य, आणि खाली 'तयार करणार' म्हणून माझं नाव.

•

दर वर्षी नवा फोटो आला की आमची परीक्षा असते. नकाशावर कुठेही ठिपके टाकायचे आणि आमचा लेयर प्रत्यक्षाशी जुळतो का ते बघायचं. खादरमध्ये आमचे ठिपके नेहमी चुकायचे. आम्ही म्हणायचो मोकळी जमीन, फोटोत काहीतरी असायचंच.

या वर्षी एकही चुकला नाही. नीमचं झाडसुद्धा नव्हतं.

भाटिया सरांनी सगळ्यांना मोठ्या स्क्रीनपुढे बोलावलं. "मैंने कहा था ना, ट्रक थे। चले गए!" आमच्या ऑफिसचा आजवरचा सगळ्यात चांगला स्कोअर होता. सरांनी केक मागवला.

सुनीता त्या दिवशी उशिरा आली. हल्ली ती दिल्लीच्या हद्दीपलीकडे, लोणीला बहिणीकडे राहते, दोन बस बदलून येते. आल्या आल्या तिने केक कापला, प्लेटा भरल्या. नीलेशने नको म्हणून मान हलवली.

माझ्यासमोर प्लेट ठेवत तिने विचारलं, "दीदी, आज किसका बर्थडे है?"