येळवशीच्या दिवशी फायनल

वीरण्णा सरांना एकच खोड होती. लातूरचा विषय निघाला की ते कुणाचं ऐकून घ्यायचे नाहीत. नांदेडात नोकरीला येऊन केस पांढरे झाले, घर इथं झालं, पोरं इथं शिकली. पण लातुरात कोणत्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे, निलंग्याकडून आलेला पाऊस किती टिकतो, हे यांनाच ठाऊक. चार माणसांत कुणी लातूरबद्दल काही बोललं, की सर चहाचा कप खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "मी लातूरचा हाय." झालं. पुढं कुणी बोलायचं नाही, बोलून उपयोगच नसायचा.

नांदेडच्या एका कॉलेजात ते खेळाचे सर होते आणि मुलींचा बास्केटबॉल संघ हा त्यांचा जीव की प्राण. आता संघ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं काय येईल ते येवो, इथं मैदान म्हणजे डांबर उखडलेला चौकोन. एका रिंगला जाळी, दुसरीला तीही नाही. त्यात प्राध्यापक मंडळी आपल्या गाड्या आणून नेमक्या तिथंच लावणार. दरवर्षी ऑगस्टात सर वर्गावर्गांतून हिंडायचे, एखादी उंच किंवा चपळ पोरगी हेरायचे आणि मग तिच्या घरी जाऊन बसायचे. नायगावची शिवांगी अशीच मिळाली. तिच्या बापानं बास्केटबॉल हा शब्दसुद्धा ऐकलेला नव्हता. सरांनी त्याला एवढंच सांगितलं, "पोरगी माझ्या हवाली करा. जशी नेली तशी आणून देतो." हा शब्द त्यांनी उभ्या नोकरीत मोडला नव्हता. त्या शब्दावरच संघ उभा राहायचा. कॉलेजचा त्यात काडीचा हात नव्हता.

त्या वर्षीच्या संघात तूबा होती. गादीवाल्या खाजामियाँची थोरली लेक, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. अंगानं बारीक, उंचीनं बेताची, डोक्याला रुमाल घट्ट बांधून खेळायची. पण बॉल तिच्या हाताला सुतळीनं बांधल्यासारखा राहायचा. सरांनी इतक्या पोरी खेळवल्या, पण पुढं काय होणार आहे ते आधीच कळणारी ही एकच. शिवांगी रिंगखाली पोचायच्या आत बॉल तिथं पोचलेला असायचा. सर घरी जेवताना बायकोला तूबाचे पास सांगायचे आणि ती बिचारी भाकरी वाढत हं हं करायची.

हंगामाच्या सुरुवातीलाच खाजामियाँनी सरांना दुकानात बोलावून घेतलं होतं. कापसाच्या ढिगाशेजारी स्टूल सरकवून दिलं आणि स्वतः उभेच राहिले.

"सर, हिमायतनगरला तिच्या फुफीचा पोरगा हाय. नेक हाय, मोबाईलचं दुकान हाय. ते लोक घाई करून राहिले. पण पोरगी म्हणते, विद्यापीठाच्या टीममध्ये नाव आलं तर अजून एक साल द्या. शिकते, खेळते, मग तुम्ही म्हणाल तसं. मी जबान दिली तिला. नाव आलं तर बहिणीला मी थांबवतो, रुसली तर रुसू दे. नाही आलं तर मग तुम्ही पण मला काही बोलू नका."

"न्हाई बोलत," सर म्हणाले. "पण नाव येतंय."

तर असं ते वर्ष होतं. बाकीच्या पोरी हौसेनं खेळत होत्या, तूबा एका वर्षासाठी खेळत होती. संघातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. नांदेडातले सामने जिंकले, परभणीच्या संघाला पाडलं, आणि डिसेंबरात शेवटच्या फेरीसाठी लातूरला जायचं ठरलं. सरांचा तर पाय जमिनीवर ठरेना. आपलं गाव, आपला संघ! एस.टी.त त्यांनी पोरींना अहमदपूरपासून एकेक ठिकाण दाखवायला सुरुवात केली ती लातूर येईपर्यंत. पोरी झोपल्या, तरी यांचं चालूच.

लातुरात तूबा जी खेळली, ती बघणाऱ्यांच्या लक्षात राहिली. उपांत्य सामन्यानंतर निवड समितीतल्या एका बाईंनी जवळ येऊन तिचं नाव विचारलं, कॉलेज विचारलं, आणि जाता जाता म्हणाल्या, "फायनलला अशीच खेळ." निवड फायनल बघूनच व्हायची होती. तूबानं लगेच कुणाला सांगितलं नाही. पाणी प्यायली, बूट सोडले आणि मग हळूच शिवांगीच्या कानात सांगितलं. शिवांगीनं ते सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं सरांना सांगितलं.

त्याच वेळी माइकवरून आवाज आला, "फायनल उद्या सकाळी दहा वाजता."

सर हसले. दुसऱ्या दिवशी येळवस होती. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी अख्खं लातूर शेतात असतं. दुकानाला कुलूप, हॉटेलाला कुलूप, रस्त्यावर चिटपाखरू नाही. शेतात कडब्याची कोप म्हणजे खोपी घालायची, पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करायची, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे खायचे, अंबील प्यायची आणि वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाताला धरून जेवायला बसवायचं. सरांच्या उभ्या जन्मात येळवशीला लातुरात दुसरं काही झालेलं नव्हतं. लग्नाची बैठकसुद्धा लोक दुसऱ्या दिवसावर ढकलतात, मग बास्केटबॉलची काय कथा.

"हा स्पर्धेचा सेक्रेटरी नवा हाय, बाहेरून आलाय," सर पोरींना म्हणाले. "ह्याला येळवस काय म्हाईत. उद्या ग्राउंडला झाडू मारायला माणूस मिळायचा न्हाई. आपोआप परवावर जातंय. उद्या तुम्ही सगळ्या माझ्या भावाच्या शेतात चला. तसं बी इथली मेस बंद राहणार, उपाशी बसता काय."

तूबा बुटाची नाडी गुंडाळत होती. ती म्हणाली, "सर, एकदा विचारून घ्यायचं का?"

"तूबा, मी लातूरचा हाय."

सेक्रेटरीचं टेबल तिथून हाकेच्या अंतरावर होतं. तो माणूस तिथंच बसून चहा पीत होता. सर गेले नाहीत. का जायचं? ज्याला आपलं गाव पाठ आहे त्यानं काल आलेल्या माणसाला जाऊन विचारायचं, हे त्यांना कमीपणाचं वाटलं. बस्स, एवढंच घडलं. एवढ्याशा ताठ्यापायी एका पोरीचं वर्ष गेलं, आणि आपण म्हणतो नशीब.

सकाळी जीप करून सगळे निलंग्याकडं निघाले. सरांचा धाकटा भाऊ बसवंत मांजरेच्या काठाला शेती करतो. त्यानं आणि त्याच्या बायकोनं, तुळजाबाईनं, पोरींना असं काही खाऊ घातलं की उठवेना. हरभऱ्यात, ज्वारीत पोरी हुंदडल्या, चिंचेला बांधलेल्या झोक्यावर पाळीपाळीनं बसल्या. शेजारच्या शेतातून बोलावणं आलं, तिथंही बसावं लागलं, कारण येळवशीला नको म्हणायची पद्धत नाही. तूबा आयुष्यात पहिल्यांदा अंबील प्यायली आणि दोनदा मागून घेतली. तुळजाबाई तिला म्हणाली, "आवडली तर घेऊन जा की माय, तुझ्या आईला." आणि एका बरणीत भरून दिली. त्या दिवशी तूबा फार हसली. सरांना ते नंतर कितीतरी दिवस आठवत राहिलं.

नदीकाठाला फोनला रेंज नव्हती. कुणाला तिची गरजही वाटली नाही. उन्हं उतरल्यावर जीप परत डांबरी रस्त्याला लागली आणि सरांच्या खिशातला फोन थरथरायला लागला. मग शिवांगीचा. मग सगळ्यांचे. सरांनी चष्मा चढवून वाचलं. सेक्रेटरीचे फोन येऊन गेले होते, एकामागून एक. निवड समितीला संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं होतं. सामना दहाला म्हणजे दहालाच होता. उदगीरचा संघ हजर होता. अकरापर्यंत वाट बघून त्यांना विजयी ठरवलं. गैरहजर संघातल्या मुलींचा निवडीसाठी विचार होणार नाही.

तूबानं मांडीवरची बरणी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, सांडू नये म्हणून. शिवांगी मात्र रडायला लागली, तशी तूबा तिला म्हणाली, "गप बस ना."

सर तडक मैदानावर गेले. सेक्रेटरी एकटाच खुर्च्या एकात एक घालत होता. तो चिडला वगैरे नाही, उलट त्यालाच वाईट वाटत होतं.

"सर, शिपाई आले नाहीत, मीच झाडून काढलं. मैदान उद्यापासून परीक्षेच्या मांडवाला द्यायचं होतं, म्हणून आजचाच दिवस हातात होता. तुम्ही काल एकदा मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. त्या बाई तुमच्या त्या बारक्या मुलीची फार वाट बघत होत्या."

सरांनी हात जोडले, निवड समितीला फोन लावून द्या म्हणाले. फोन लागला. पलीकडून शांतपणे नाही आलं. ज्या गावात माणूस जन्मला त्या गावात त्याला इतकं परकं कधी वाटलं नव्हतं.

परत येताना सर एस.टी.त ड्रायव्हरमागच्या सीटवर एकटे बसले. मागं पोरी डोकी जवळ करून काहीतरी कुजबुजत होत्या. आपल्यालाच शिव्या देत असतील, असं सरांना वाटलं, आणि द्याव्यात असंही वाटलं.

पण नांदेडात कुणी काही बोलेना. न खेळता का होईना, संघ दुसरा आला होता. प्राचार्यांनी हार घातले, गावातल्या पेपरात 'उपविजेता संघ' म्हणून फोटो आला, फोटोत सर मधोमध. लोक रस्त्यात थांबवून अभिनंदन करायचे. सरांना ते चावायचं. तूबा मैदानावर यायची बंद झाली होती. मग एक दिवस शिवांगीकडून कळलं, तूबाचं हिमायतनगरला ठरलं, उन्हाळ्यात निकाह.

सरांनी दोन घास जेमतेम गिळले आणि उठले. खाजामियाँच्या पायाशी बसून सगळं खरं सांगायचं, चूक माझी आहे, पोरीला एक वर्ष द्या, असं म्हणायचं. वाटभर तेच घोकत ते दुकानात पोचले.

खाजामियाँ त्यांना बघून कापसातून उठलेच. "आओ सर, आओ. मीच येणार होतो तुमच्याकडं. लेकीसारखं सांभाळलं तुम्ही."

"खाजाभाई, मला तुम्हाला एक सांगायचं हाय."

"म्हाईत हाय मला. पोरीनं सगळं सांगितलं. शेवटचं बास्केट तिच्याच हातात होतं म्हणे, आणि हुकलं. कडीवर नाचून बाहेर पडलं." ते खाली बघून हातातला दोरा गुंडाळत राहिले. "मी तिला म्हटलं, चलो, तुझ्या नशिबात नव्हतं. ती पण गपचूप हाव म्हणाली. एका शब्दानं भांडली नाही सर. भांडली असती तर मला जड गेलं असतं."

सर काही बोलणार इतक्यात आतल्या दारातून तूबा चहा घेऊन आली. काखेत धुऊन इस्त्री केलेली संघाची जर्सी. तिनं कप सरांच्या हातात दिला, जर्सी स्टुलावर ठेवली, आणि बापाला कुणा गिऱ्हाइकानं बाहेरून हाक मारेपर्यंत तिथंच उभी राहिली. खाजामियाँ बाहेर गेले तशी हळू आवाजात म्हणाली,

"सर, सांगू नका. एस.टी.तच ठरवलं आम्ही, सगळ्यांनी घरी हेच सांगायचं. मॅच सोडून पोरींना शेतात नेलं म्हणून कळलं, तर पुढच्या साली तुमच्याकडं पोरगी कोण पाठवेल? शिवांगीचे वडील पाठवतील का? आमची धाकटी सिदरा जूनमध्ये अकरावीला इथंच येणार हाय. तिला खेळायचंय."

"पण तुझं काय गं?"

"माझं झालं आता," ती म्हणाली. "तुम्ही आत्ता सांगितलं तरी अब्बा फुफीला दिलेली जबान परत घेणार नाहीत. नुसते तुमच्यावर चिडतील. मग माझं पण गेलं आणि सिदराचं पण."

बाप आत आला तेव्हा ती कप घ्यायला हात पुढं करून उभी होती. सरांनी चहा संपवला. जर्सी उचलली आणि निघाले. आता तुम्ही म्हणाल, बोलायला हवं होतं. मलाही कधी कधी तसंच वाटतं. पण त्या पोरीनं स्वतःच्या खेळाला बट्टा लावून जे झाकलं होतं, ते कोणत्या तोंडानं उघडायचं?

निकाहाला सर गेले. जेवले नाहीत, पोट ठीक नाही म्हणाले. लातूरचा विषय निघाला तर आता ते ऐकून घेतात. लोकांना वाटतं, वयानं मवाळ झाले.

ऑगस्ट आला, संघ पुन्हा उभा राहिला. शिवांगी कप्तान झाली. कॉलेजच्या अकरावीतून सिदराही येऊन मोठ्या मुलींबरोबर सराव करायला लागली, डोक्याला तसाच घट्ट रुमाल. हात मात्र अजून कच्चा. एका संध्याकाळी ती रेषेवरून नेम धरून टाकत होती. बॉल कडीवर दोनदा उडाला आणि बाहेर पडला. बाकीच्या नव्या पोरी हसल्या.

"हसू नका," सिदरा म्हणाली. "आमच्या आपाचं पण लातूरला असंच हुकलं होतं. फायनलला. ते आत पडलं असतं तर ती आज इथं असती." शिवांगी लगेच खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागली. सिदरा सरांकडं वळली. "सर, तुम्ही तर होते ना तिथं?"

सरांनी शिट्टी तोंडाजवळ नेली होती, ती खाली घेतली.

"हाव," ते म्हणाले. "होतो मी तिथं. टाक पुन्हा."