कारणं देणारा बाप

परीक्षित एडिनबराच्या युनिव्हर्सिटीत शिकवतो. विषय असा, की अठराव्या शतकातल्या तत्त्वज्ञांच्या मते मुलं कशी वाढवावीत. त्यातल्या काहींना मुलंच नव्हती, ही माहिती तो शेवटच्या लेक्चरला देतो.

घरात नियम एकच. मुलीला हुकूम सोडायचा नाही, कारण सांगायचं. मुलाची बुद्धी जागी करावी, भीती नव्हे. परिणामी सहा वर्षांची तनू कारण ऐकल्याशिवाय पायात मोजासुद्धा चढवत नाही. "तुमचा दोघांचा सेमिनार संपला की हिला शाळेत सोड," एवढं म्हणून त्याची बायको ऋजुता हॉस्पिटलच्या ड्यूटीला पळते.

त्या मंगळवारी शाळेच्या वाटेवर, लीथ वॉक नावाच्या रस्त्यावर, वाऱ्याने तनूची टोपी उडाली. टोपीमागे तनू धावली, ती थेट ट्रामच्या रुळांकडे. ट्राम येत होती.

"तनू," परीक्षितने सुरुवात केली, "ट्राम खूप जड असते, त्यामुळे ब्रेक लावला तरी..."

आता काय म्हणावं या माणसाला!

वाक्य अर्ध्यावर राहिलं. "ए कार्टे, मागे हो आधी!" त्याच्या घशातून असा आवाज निघाला, की स्टॉपवरचे दोन स्कॉटिश म्हातारेही निमूट मागे सरकले. तनू जागच्या जागी थिजली. ट्राम टोपीवरून गेली.

तो आवाज त्याचा नव्हताच. साताऱ्याच्या त्याच्या वडिलांचा होता, अगदी खाकरण्यासकट. तो ऐकला की लहानपणी परीक्षित कपाटामागे लपायचा. आपल्या लेकराला आपली अशी धास्ती वाटू नये, एवढ्याचसाठी त्याने सगळं तत्त्वज्ञान पालथं घातलं होतं. आणि आता तनू बोलेना. शाळा आली तरी एकही 'का' नाही. संपलं, घाबरली पोरगी आपल्याला.

फाटकाशी तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "चुकलं माझं, बाळा. मी असं ओरडायला नको होतं. माझे बाबा ओरडायचे तसंच ओरडलो मी."

"तू स्केअर्ड होती, बाबा?" तनूचं मराठी हे असं.

"हो गं. खूप."

तनूने जरा विचार केला.

"मग आजोबा कशाला स्केअर्ड होती?"

तेवढ्यात शाळेची घंटा झाली आणि तनू आत पळाली. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि हे त्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं.