आम्ही एक जूनवाले

सगळ्यात आधी आमच्या ऑफिसातल्या बाईंचे आभार. त्यांचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर "हा उद्योग कुणी सांगितला होता?" म्हणतील. नारायण पेठेतून बसने हडपसरला येतात, आमच्या मसाल्याच्या कारखान्यात हजेरी आणि कागदपत्रं सांभाळतात, आणि पाकिटं भरणाऱ्या आम्हा बायकांनाही 'अहो' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं, कुणाला म्हणाल्या म्हणून.

मी परभणीकडची. सातवीत शाळा सुटली. डोक्यावर ओढणी आणि स्वभाव घाबरट. बसचं तिकीट उतरेपर्यंत मुठीत धरून बसते. आमचा सुपरवायझर इथल्याच जुन्या गावातला, जमीनवाला. माझं आडनाव ऐकलं त्या दिवशीच त्याने माझा देश बदलून टाकला.

"ओ बांगलादेश, मिरचीचा बॉक्स आण."

"बांगलादेश, आज डब्यात मासा हाय का?"

सगळे हसायचे. मीही हसायचे. न हसून जाते कुठे? मासा तर मला अजून काटे काढून नीट खाता येत नाही.

मे महिन्याच्या शेवटी ठेकेदाराने सगळ्यांचे कागद मागवले. माझा शाळा सोडल्याचा दाखला सुपरवायझरने उजेडाला धरला.

"एक जून? बोगस कागदावर एक जूनच असतो. आठ दिवसात जन्माचा दाखला आण, न्हाईतर घरी बस."

जन्माचा दाखला कुठून आणू? मी घरातच जन्मले. आईला एवढंच आठवतं की ज्वारी काढणीला आली होती. शाळेत घालताना गुरुजींनी तारीख विचारली, अब्बा गप्प राहिले, गुरुजींनी एक जून लिहून टाकला. आता त्या एक जूनपायी काम जाणार, कामाबरोबर भाड्याची खोली जाणार, आणि मी परत परभणीच्या गाडीत.

दोन दिवस घास उतरला नाही. तिसऱ्या दिवशी दाखला बाईंपुढे ठेवला. त्यांनी तो चष्म्यावरून वाचला.

"गुन्हा गंभीर आहे," त्या म्हणाल्या. मी दाराकडे सरकले. "बसा हो. या गुन्ह्यातले आणखी बरेच जण माझ्या कपाटात आहेत."

एक जूनला सकाळी हजेरीच्या यंत्राशेजारी बाईंच्या अक्षरात कागद लागला: आज वाढदिवस. कारखान्यात असला कागद पूर्वी कधी लागला नव्हता. खाली नऊ नावं. तिसरं माझं. चौथं सुपरवायझरचं.

आता त्याचा वाढदिवस नोव्हेंबरात असतो हे सगळ्या हडपसरला माहीत. चौकात गॉगल घातलेला फ्लेक्स लागतो. तो तरातरा ऑफिसात गेला. दार उघडंच होतं, आम्ही बायका पाकिटं मोजत असल्यासारखं करत ऐकत होतो.

"मॅडम, माझा कसा काय एक जून? ते गुरुजींनी लिवलंय नुसतं. आमच्या गावात समद्यांचंच तसं हाय."

"असं? यांच्याही गावात तसंच आहे," बाई म्हणाल्या. "मग आपण बांगलादेशला कधी निघताय?"

बाईंनी वीतभर केक आणला होता, नऊ जणांत एक. सुरीवर त्याचा हात, माझा हात, आणि दोघांचे डोळे भलतीकडे. माझा दाखला त्याच दुपारी बाईंनी ठेकेदाराकडून मंजूर करून घेतला.

तेव्हापासून बांगलादेश बंद झाला. आता बायका मलाच छळतात, "अगं, तुझा जुळा भाऊ आला बघ." सगळं काही बदललं असं नाही. दोघीजणी अजून माझ्या डब्यातलं घेत नाहीत. पण सकाळी फाटकातून आत येताना छाती धडधडत नाही.

आभार मानायला गेले तर बाई म्हणाल्या, "मी फायली नीट लावल्या, इतकंच. कामाला लागा." बोलता बोलता एकदा म्हणाल्या होत्या की नगर रोडने, म्हणजे आमच्या गावच्या वाटेने, वाघोलीच्या पुढे त्या कधी गेल्याच नाहीत. तर बाई, तुम्ही रिटायर झालात की मी तुम्हाला आमच्या गावी नेणार. आई चुलीवरची भाकरी वाढेल. तुम्ही नावं ठेवालच, ठेवा. पण नेणार म्हणजे नेणार, आणि खिडकीची जागा तुमची.