दसऱ्याचे बल्ब

माझ्या नवऱ्याला मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून शहाणपण येतं. एकदा असंच पाहून त्यानं पाण्याचा फिल्टर उघडला, तो नंतर कोणालाच बंद करता आला नाही. एकदा इन्व्हर्टर उघडला, तेव्हा सगळ्या गल्लीत लाइट होती आणि आमच्याच घरी अंधार होता. त्यामुळे दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो गाडीच्या मागं उकिडवा बसून लाल काचा खोलताना दिसला, तेव्हा मी आधी मेकॅनिकचा नंबर शोधून ठेवला.

गाडी आमची साधी, बऱ्याच वर्षांची. अमरावतीत तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही. पण माझा जीव तिच्यात अडकला होता, कारण त्याच वर्षी, चाळिशी ओलांडल्यावर, मी ती चालवायला शिकले होते. माझी आई अकोल्याला एकटी राहते, आणि तिला एका डोळ्यानं दिसत नाही. तिच्याकडे जायचं म्हणजे आधी नवऱ्याला विचारायचं, मग त्याची सवड पाहायची, मग सासूबाईंची मर्जी, आणि हे सगळं जुळून आलं की बस मिळायची नाही. गाडी चालवता यायला लागल्यापासून मी सकाळी निघत होते आणि दिवेलागणीला घरी येत होते. जाते म्हणून सांगत होते, जाऊ का म्हणून विचारत नव्हते. लायसन्स हातात आलं त्या दिवशी लग्नाच्या दिवसापेक्षा जास्त आनंद झाला, आणि हे मी नवऱ्याला सांगूनही टाकलं.

ते त्याच्या मनाला लागलं असावं. मी गाडी चालवली की तो शेजारी बसून रस्ताभर बोलायचा. गिअर उशिरा टाकला, हॉर्न लवकर दिला, खड्डा दिसला नाही का, दिसला तर वाचवला काहून नाही. सासूबाई मागून त्याला दुजोरा द्यायच्या. त्यांना स्वतःला साधी सायकलही येत नाही, पण सुनेचं काय चुकतं ते त्यांना न पाहताही कळतं.

तर बल्ब. नवऱ्यानं सिग्नलचे आणि ब्रेकचे सगळे जुने बल्ब काढून एलईडी बसवायचं ठरवलं होतं. ऑनलाइन मागवले होते, स्वस्तातले. मागच्या लाल दिव्यात एकच बल्ब दोन कामं करतो, हे मला नंतर कळलं. रात्री लाइट लावली की तो मंद पेटतो, आणि ब्रेक दाबला की भडक होतो. मागून येणाऱ्याला तो फरक दिसला की समजतं, पुढची गाडी थांबते आहे. सगळी गंमत त्या फरकात आहे.

नव्या बल्बांनी पहिल्याच तासात गुण दाखवले. सिग्नल लावला की दिवा नेहमीसारखा सावकाश न लुकलुकता लग्नाच्या मांडवाच्या लायटिंगसारखा फडफडायला लागला. बल्ब फार कमी करंट घेतो म्हणून गाडीला वाटतं की एखादा बल्ब उडाला आहे, आणि ती घाई करते. त्यावर उपाय असतो, पण तो व्हिडिओच्या दुसऱ्या भागात होता आणि नवऱ्यानं पहिलाच भाग पाहिला होता. तो म्हणाला, ही स्पोर्टी सिस्टिम आहे. माझे धाकटे दीर म्हणाले, लय भारी दिसून राहिलं दादा. या घरात मोठ्या भावानं भिंतीवर डोकं आपटलं तरी धाकटा म्हणणार, काय भारी आवाज आला.

दुसऱ्या दिवशी दसरा. गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, बोनेटवर सासूबाईंनी हळदीकुंकवानं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. पूजा झाल्यावर नवरा गाडीत बसला आणि दीर मागं उभे राहिले. आमच्याकडे गाडीची लाइट तपासायची ही एकच पद्धत आहे. आतला ब्रेक दाबतो आणि मागचा ओरडतो, लागला, बंद, लागला, बंद. भर दुपारी, टळटळीत उन्हात, गाडीची लाइट बंद ठेवून त्यांनी ब्रेक तपासला. दीर ओरडले, लागला. सासूबाईंनी नारळ फोडला. लाइट लावून, अंधार पडल्यावर एकदा पाहावं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. मुहूर्त दुपारचा होता ना.

दिवाळीच्या आधी भातकुलीला नात्यात एक साखरपुडा होता. जाताना नवऱ्यानं गाडी चालवली. येताना जेवण अंगावर आलं होतं, म्हणून किल्ली माझ्याकडे दिली. तो शेजारी, सासूबाई मागं, आणि दीर त्यांच्या मोटारसायकलवर आमच्या मागोमाग. दिवस मावळला होता. मी लाइट लावली. पुढं कापसानं भरलेली ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर चालला होता. मागं ना दिवा, ना लाल फडकं. मला तो बऱ्याच लांबून दिसला, आणि मी सावकाश ब्रेक दाबला. हे मी शपथेवर सांगते. नवऱ्याची डुलकीसुद्धा मोडली नाही, इतका सावकाश.

मागून धाडकन आवाज आला. दीर मोटारसायकलसकट डिकीवर आदळले होते. उजवा गुडघा फुटला. रस्त्यावर बसून ते ओरडत होते, आणि नवरा गाडीतून उतरून आधी माझ्यावर ओरडला. लोक जमले होते. त्यांच्यासमोर तो म्हणाला, बाईच्या हाती गाडी दिली का असंच होते. जमलेल्यांनी माना हलवल्या. त्यातल्या एकानंही काही पाहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून किल्ली नवऱ्याच्या खिशात गेली आणि झोपताना उशीखाली. पुढं जो कोणी दिरांना भेटायला यायचा, त्याला तो सगळी हकिगत करून दाखवायचा. मी कसा ब्रेक मारला ते दाखवायला दोन्ही पाय फरशीवर आपटायचा. पाहुणे हसायचे. प्लास्टरमधले दीरही हसायचे. सासूबाई चहाचे कप गोळा करता करता म्हणायच्या, आता या लंगड्याले पोरगी कोण देईन. आणि म्हणताना माझ्याकडे पाहायच्या. आई अकोल्याहून फोन करायची, कधी येतेस. मी म्हणायचे, गाडी कामाला दिली आहे. अपघाताचं तिला सांगितलंच नव्हतं.

सगळ्यात वाईट हे, की मला ते पटलं होतं. मी आडवी पडून पुन्हा पुन्हा तो ब्रेक आठवायचे. सावकाश दाबला की जोरात, हे मलाच खात्रीनं सांगता येईना. चार लोक रोज तुम्हाला सांगत असले की तुम्ही आंधळ्या आहात, तर तुम्ही काठी शोधायला लागता.

प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी गुडघ्याचे व्यायाम सांगितले. पालथं झोपवून पाय हळूहळू मागं वाकवायचा, रोज थोडा थोडा जास्त. फिजिओथेरपीवाली बाई घरी येऊन शिकवून गेली. रोज कोण करणार, असा प्रश्न निघाला तेव्हा नवरा म्हणाला की जिच्यामुळे झालं तिनंच करावं. मी केलं. सकाळ-संध्याकाळ दिरांचा पाय हातात घेऊन बसले. सासूबाई दारातून पाहायच्या, हात हलका ठेव म्हणायच्या.

मग एका संध्याकाळी मी फाटक उघडायला गेले. नवरा बाहेरून आला होता, गाडी उलटी आत घेत होता. लाइट लागलेली होती. मागचे दिवे मंद लाल होते. त्यानं ब्रेक दाबला आणि ते एकदम भडकले. सोडला, मंद झाले. सिग्नलही चालू होता, आणि तो अगदी शांतपणे, जुन्या पद्धतीनं लुकलुकत होता. मी फाटक धरून तिथंच उभी राहिले. दसऱ्यानंतर हे दिवे अंधारात मी असे पाहिलेच नव्हते, कारण गाडीत बसलेल्याला स्वतःच्या गाडीचा मागचा दिवा दिसत नाही.

मी विचारलं, बल्ब कधी बदलले. तो म्हणाला, कोणते बल्ब. मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाला की ते गाडीला सूट झाले नाहीत, जुनेच बरे होते. कधी बदलले, एवढंच मी विचारत राहिले. शेवटी चिडून बोलून गेला की गाडीची डिकी ठोकायला टाकली होती, तेव्हाच मेकॅनिकनं सांगितलं की लाइट चालू असली की ब्रेक लागला का नाही ते कळतच नाही, हे काढून टाका. म्हणजे अपघाताच्या दुसऱ्याच आठवड्यात. म्हणजे त्यानंतर फरशीवर पाय आपटून दाखवले ते सगळं, हे माहीत असताना.

मला राग आला, हा शब्द पुरत नाही. मी सरळ सासूबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्या देवापुढची वात नीट करत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ब्रेक पायानं दाबला का बल्बानं?"

आता उरले दीर. मला वाटलं, ज्याचा गुडघा गेला तो तरी चवताळेल. रात्रभर मी मनात वाक्यं जुळवली. सकाळी ते पालथे झोपले, मी त्यांचा पाय हातात घेतला, आणि वाकवता वाकवता सांगितलं, त्या बल्बांचं, मेकॅनिकचं, सगळं. त्यांनी उशीतून तोंडही वर केलं नाही.

"मले माहीत हाय, वहिनी," ते म्हणाले. "दादानं मले प्लास्टर होतं तेव्हाच सांगतलं. दिवा तं लागलेलाच दिसे, मले काय समजते तुमी थांबून राहिल्या म्हणून."

"मंग भाऊजी, तुमी बोलले काहून नाही?"

"दादाले कसं बोलाव? मोठा भाऊ हाय. तुमाले बोललं तं भागते." आणि वर समजावल्यासारखं म्हणाले, "मनावर नका घेऊ. आईलेही माहीत हाय."

म्हणजे घरात तिघं होते आणि तिघांनाही माहीत होतं. मी एकटीच होते, जी स्वतःची चूक मानून झुरत होती. सकाळ-संध्याकाळ पाय चोळत होती. मला आतापर्यंत वाटायचं की हे लोक मूर्ख आहेत. मूर्ख माणसाला माफ करता येतं.

पाय माझ्या हातात होता. फिजिओवाल्या बाईनं दाखवलेली मर्यादा आली. मी थांबले नाही. गुडघ्यात काहीतरी करकरलं आणि दीर कुत्र्यासारखे विव्हळले. मी तसाच धरून ठेवला. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, काय झालं. मी म्हणाले, व्यायाम. त्या गेल्या. संध्याकाळी मी पुन्हा पाय हातात घेतला, आणि त्यापुढचे दिवसही. दीर तक्रार कोणाकडे करणार? केली असती तर आधी काय बोलणं झालं तेही सांगावं लागलं असतं. ते उशीचा कोपरा दातात धरायला शिकले. मला वाईट वाटलं का? नाही. रोज थोडी झोप चांगली लागायला लागली.

पुढच्या तपासणीला आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला आणि थक्कच झाले. म्हणाले, एवढ्या लवकर एवढा वाकत नाही कोणाचा, व्यायाम कोण करून घेतं? नवऱ्यानं माझ्याकडे बोट केलं. हिच्याकडूनच झालं होतं, आता हीच फेडून राहिली, असं वर हसत सांगितलं. डॉक्टरही हसले. म्हणाले, वहिनींचा हात चांगला आहे, असंच चालू ठेवा, अजून बरेच दिवस लागतील.

बाहेर पार्किंगमध्ये नवऱ्यानं खिशातून किल्ली काढली. मी हात पुढं केला. "किल्ली द्या. तुमाले घरी सोडून मले अकोल्याले जायाचं हाय."

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करते आहे. मग त्यानं दिरांकडे पाहिलं, त्यांनीही हसावं म्हणून. दीर कुबडीवर उभे होते. ते माझ्या चेहऱ्याकडे पाहत नव्हते, माझ्या पुढं केलेल्या हाताकडे पाहत होते.

"दे दादा," ते म्हणाले. "वहिनीले देऊन टाक."

नवऱ्यानं काहून म्हणून विचारलं. दीर मागचं दार उघडून आत बसायला लागले. मी त्यांचा पाय धरून नीट आत ठेवला, तेव्हा त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. मग मी नवऱ्याच्या हातातून किल्ली घेतली.